दोडक्याच्या वेलाखालची चासी

मी चासी बोलतेय. मोटारसायकलचा सांगाडा म्हणा हवं तर. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण माणसाची नजर आधी टाकीच्या रंगावर जाते, मग सायलेन्सरच्या चकाकीवर, मग आरशातल्या स्वतःच्या केसांवर. इंजिन, चाकं, सीट आणि वर बसलेले तुम्ही, या सगळ्यांचा भार मी उचलते. पण मला बघायला वाकावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेणार?

म्हैसूरच्या कारखान्यात नळ्या वाकवून, जोडून मला घडवलं आणि मानेवर इंजिनावरचाच नंबर ठोकला. अंगावर बाकीचं सामान चढलं तशी मी जावा गाडी झाले आणि मोर्शीच्या देवमनकडे आले. देवमन गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. संत्र्याच्या बागांतून, ओढ्यानाल्यांतून त्याला आजारी गाईम्हशींपर्यंत पोचवणं हे माझं काम.

त्याची बायको मैना. पोलिओनं तिचा डावा पाय आखूड झालेला. एका दसऱ्याला दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर निघाले. कंपनीच्या फुटरेस्टपर्यंत तिचा पाय पोचेना. वरुड येईतो तो लोंबकळून सुन्न झाला, पण ती बोलली नाही. उतरताना कोलमडली तेव्हा देवमनला कळलं. परतल्यावर त्यानं माझ्या डाव्या नळीवर, जरा उंचावर, एक लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली.

बाजारातले रिकामटेकडे हसले. "डॉक्टर, नव्या गाडीले ठिगळ काहून लावलं?"

देवमननं किक मारली. त्या हसणाऱ्यांपैकी एकानंही आपल्या बायकोला कधी 'पाय दुखतो का' म्हणून विचारलं नसेल.

देवमन गेला. मैना बहिणीकडे धामणगावला गेली होती, तेवढ्यात मुलानं, प्रीतमनं, अंगण मोकळं करायचं मनावर घेतलं. बापाची गाडी खोलून इंजिन, टाकी, चाकं अमरावतीच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. टेम्पोत जागा उरली नाही म्हणून मी मागे राहिले. मैना परत आली. मग मला ओढत भिंतीशी आणून तिनं माझ्यावर दोडक्याचा वेल चढवला.

तिकडे माझं इंजिन अकोल्याच्या रविकांत वकिलांकडे पोचलं. वकिलांना जुन्या गाड्यांचा शौक. शौक म्हणजे गाडी चालवायची नाही, पुसायची आणि चार लोकांना दाखवायची. त्यांनी कुठलीतरी दुसरी चासी आणली, तिचा नंबर घासला, माझा ठोकला आणि गाडी अमरावतीच्या प्रदर्शनात उभी केली. परीक्षक सौमित्र वाकला.

"नंबरखाली कानस मारलीय, वकीलसाहेब. ही चासी या इंजिनची नाही."

चारचौघांत नाक कापलं गेलं. गॅरेजवाल्याकडून पत्ता काढून वकील मोर्शीला आले, सोबत सौमित्रलाही घेऊन. वेल बाजूला सारला, रॉकेलच्या फडक्यानं माझी मान पुसली. नंबर दिसताच वकिलांचे डोळे पाणावले. इतकी वर्षं मी उन्हापावसात होते तेव्हा हे डोळे कुठे होते, कोण जाणे.

सौमित्रचं बोट पायरीवर थांबलं. "हे कंपनीचं नाही. ग्राइंडर मारून काढावं लागेल. मग एकदम ओरिजिनल."

"थे माह्या पायासाठी केली होती," मैना म्हणाली.

"मावशी, समजून घ्या. कंपनीतून आली तशीच दिसली पाहिजे," वकील म्हणाले.

"मीबी जन्माले धड पायाचीच आली होती. मंग मलेबी मशीन लावता का?"

वकील प्रीतमकडे बघू लागले. प्रीतम पुढे सरकला. "माय, देऊन टाक नं. काहून अडून राहिली? वेल दुसरीकडं चढवू."

त्याची मुलगी दीक्षा वीज मंडळात अभियंता. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, तुमी एकदा देऊन पाहिलं. बस झालं."

"नाई देत," मैना म्हणाली आणि विषय संपला.

जाताना वकिलांनी माझ्या मानेचा अगदी जवळून फोटो काढला. मला वाटलं, आठवण म्हणून. कसली आठवण! त्या फोटोवरून त्यांनी हुबेहूब तसेच आकडे करवून घेतले आणि दुसऱ्या चासीवर नीट ठोकले. अकोल्याच्या प्रदर्शनात त्यांची गाडी पहिली आली. परीक्षक सौमित्रच. मला स्वतःच्या हातानं पुसून गेलेला हा माणूस तिथे वाकला, नंबर वाचला आणि मान डोलावली. हे तुमचे जाणकार.

दीक्षानं मोबाइलवर तो सोहळा आजीला दाखवला. मैना हसली. "बसू दे त्याले पुसत. आपल्याले गाडी चालवाची हाय."

वेल वाळल्यावर दीक्षानं मला उतरवलं. शेंदूरजनाघाटच्या एका बंद पडलेल्या जावाचं इंजिन आणलं, टाकी कुठून तरी लाल मिळाली, मडगार्ड काळं. आता दीक्षा चालवते, मैना मागे बसते. चौकात थांबलो की गॉगलवाली पोरं वाकतात, नंबर ताडून बघतात आणि म्हणतात, "मॅचिंग नाई. डुप्लिकेट हाय."

असेल बाबांनो. तुमची ती खरी गाडी अकोल्यात काचेआड उभी आहे, तिच्यासोबत खुशाल फोटो काढा. माझी एकच विनंती आहे. वाकायचं तर वाका, वाचायचं ते वाचा, पण लवकर आटपा आणि रस्ता सोडा. आम्हाला वरुडला लग्नाला पोचायचंय.