सोडण्यासाठी आणलेली बाटली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत लिफ्टपेक्षा जलद वर-खाली करणारी एकच गोष्ट होती : बातमी. सरबतरावांच्या यकृताला सूज आलीय, ही बातमी सरबतराव स्वतः रिपोर्ट घेऊन पोचण्याआधीच तिथे पोचली होती आणि चहा पिऊन निवांत बसली होती.

सरबतराव हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी दिलेलं. कंपनीच्या पार्टीत बाकीचे ग्लास भरू लागले की हे मेकॅनिक छाती पुढे काढून म्हणत, "आपल्याला लिंबू सरबत. साखर जरा जास्त." हल्ली छातीच्या आधी पोट पुढे येई, तो भाग वेगळा. कामावर न्यायच्या पाण्याच्या बाटलीतही सरबतच असे. उभ्या जन्मात त्यांनी दारूचा थेंब चाखला नव्हता आणि त्या न चाखलेल्या थेंबाची नशा त्यांना कायम असे.

"छुपे रुस्तम निघालात की!" स्टोअरकीपर म्हणाला. "काय मिसळत होतात हो सरबतात?"

"साखर," सरबतरावांनी खरं ते सांगितलं. सगळे पोट धरधरून हसले.

घरी बायकोने त्यांची हत्यारांची पिशवी हुंगून पाहिली. ग्रीसचा वास आला. मग बूट हुंगले. तो प्रयोग तिने पुन्हा केला नाही.

"खरं सांगा, लपूनछपून घेता का? मी अजिबात रागावणार नाही," ती रागावून म्हणाली.

या सगळ्यात सरबतरावांना जवळ घेतलं ते फक्त वायरमनने. त्याचं यकृत दारूने सुजलं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने दारू कायमची सोडली आणि त्याचे रिपोर्ट सुधारले, तेव्हा कंपनीने त्याचा सत्कारही केला होता.

"घाबरू नका दादा," वायरमन म्हणाला. "मी सोडली, बरा झालो. तुम्हीही सोडा."

"अरे, पण मी घेतच नाही."

"मीही आधी असंच म्हणायचो."

"काय सोडू मग?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण सोडल्याशिवाय गुण नाही!"

सरबतराव दिवसभर विचार करत राहिले. सोडल्याशिवाय गुण नाही. सोडायला आधी धरायला हवी. म्हणजे उपचाराची पहिली पायरी उघड होती! संध्याकाळी ते एक बाटली घेऊन घरी आले आणि ती बायकोसमोर ठेवली.

"औषध आणलंय. शनिवारी सुरू करतो, सोमवारी सोडतो. मंगळवारपासून बरा."

बायकोने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग दोघांनाही घेऊन ती तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत गंभीर चेहऱ्याने ऐकली. मग त्या टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकल्या. पेन त्यांच्या हातातच होतं. वर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

"एक सांगा," त्या म्हणाल्या, "लिफ्ट बंद पडली की तुम्ही आधी काय करता?"

सरबतरावांचा चेहरा खुलला. "कारण शोधतो! लोक म्हणतात, मागच्या वेळी फ्यूज बदललात तसाच बदला. परवा एका इमारतीत तर हट्टच धरला होता. आणि अडकलं काय होतं? दाराच्या फटीत लहान मुलाची चप्पल! शंभर फ्यूज बदलले असते तरी लिफ्ट हलली नसती. बंद पडलेली लिफ्ट सगळीकडे सारखीच दिसते हो, पण कारण..."

इथे सरबतराव थांबले. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबावी तसे.

"बोला ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे वायरमनचा फ्यूज गेला होता! आणि माझ्या दारात सरबताचा ग्लास अडकलाय!"

"अगदी तसंच!" बाई म्हणाल्या. "सूज दिसायला सारखी, पण ती दारूने येते, विषाणूने येते, काही औषधांनी किंवा कुणीतरी दिलेल्या पावडरींनीही येते. तुमच्या तपासण्यांत विषाणू नाही, औषध तुम्ही घेत नाही. साखर आणि वजन यांमुळे यकृतात चरबी साचलीय. कारणावर ठरतं, दुखणं किती वेगाने वाढणार आणि कशाने उतरणार. दारू पिणाऱ्याने दारू सोडायची. विषाणू असेल तर गोळ्या. विषाणूचा एक प्रकार गोळ्यांनी पूर्ण जातो, दुसरा बहुतेकदा ताब्यात ठेवावा लागतो. तुम्ही वजन हळूहळू उतरवायचं, गोड पेयं बंद, रोज चालायचं."

"आणि नाही केलं तर?" बायकोने विचारलं. तिचा आवाज आता रागावलेला नव्हता.

"तर आत व्रण पडत जातात, यकृत कडक होतं. फार कडक झालं की पहिल्यासारखं होणं अवघड. यांचं अजून तिथवर गेलेलं नाही. वेळेवर आलात."

"बाटलीमुळे आलो," सरबतराव बाणेदारपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कामावरच्या बाटलीत नुसतं पाणी आलं आणि लिफ्ट दुरुस्त झाली की ते जिन्याने उतरू लागले. त्यातून नवीनच घोटाळा झाला. लिफ्ट दुरुस्त करणाराच लिफ्टमध्ये बसत नाही, हे पाहून लोक घाबरले. एका इमारतीत तर दुरुस्ती उत्तम होऊनही आठवडाभर सगळे जिना चढत होते. मालकाकडे तक्रार गेली. शेवटी सरबतरावांनी पाठीवर पाटी लावली : 'लिफ्ट ठीक आहे. यकृत दुरुस्तीला काढलंय.'

काही महिन्यांनी पट्ट्याला आतल्या बाजूला नवीन भोकं पाडावी लागली आणि रिपोर्टमधली सूज उतरली. ती न उघडलेली बाटली वायरमनने मागून घेतली आणि सगळ्यांदेखत मोरीत ओतली.

"दादा, मीच तुम्हाला पाजायला निघालो होतो," तो ओशाळून म्हणाला.

"प्रेमाने रे, पण भलत्याच फ्यूजला हात घातलास!"

स्टोअरकीपरही आला. "चुकलं माझं. दुखणं ऐकलं आणि लगेच निकाल दिला."

मंडळी, आपण तरी वेगळं काय करतो? कुणाचं यकृत बिघडलं की आपण त्याचं तोंड हुंगतो, आणि आपलं बिघडलं की शेजाऱ्याचा उपाय उचलतो. दोन्ही सोडूया! आजाऱ्याला 'किती घेत होतास?' विचारण्याऐवजी 'डॉक्टरांनी कारण काय सांगितलं?' एवढं विचारू. कारण सापडलं, तर बरं होण्याची वाटही सापडते. कुणाची ती गोळीतून जाते, कुणाची मोरीतून, आणि कुणाची जिन्यावरून.