कोपऱ्यातलं नाव

मित्रांनो, इकडं तिकडं शोधू नका, मान जरा वर करा. दारावर टांगलेली पत्र्याची जुनी पाटी दिसते ना, ती मी. सोलापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत शिरलात की वच्छलाक्कांची खानावळ लागते. तिच्या दारावर मी कैक वर्षं उभी आहे. माझ्या कडा गंजल्या आहेत. एका अंगाला पत्रा वाकला आहे. सोलापूरच्या उन्हानं माझा निळा रंग पार विटून गेला आहे. पण माझ्यावर जी बाई भाकरी थापत बसली आहे, तिचा चेहरा जसाच्या तसा आहे. तो बदलायला काही लोक निघाले होते. त्यांचं पुढं काय झालं, ते आज तुम्हाला सांगते.

मूळची मी नुसता कोरा पत्रा. वच्छलाक्कांनी मला हातगाडीवर घालून आणलं. अक्का करमाळ्याकडच्या. नवरा गेल्यावर त्या इथं आल्या आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांनी खानावळ मांडली. चूल त्यांनी मुद्दाम दारातच घातली, म्हणजे भाकरी कशी होते ते येणाऱ्या माणसाला दिसावं. त्यांची ज्वारीची भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी लवकरच गावभर झाली. मग त्यांना वाटलं, आता दारावर पाटी हवी.

पाटी रंगवायला आले महेश्वर पेंटर. ते अक्कलकोटचे. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचे आणि समोरच्याला कळलं की नाही याची फिकीर करायचे नाहीत. त्यांनी मला घासलं, गंज धरू नये म्हणून आधी तांबडा हात दिला, वर निळा रंग चढवला, वाळत ठेवलं, आणि मग कुंचला बाजूला ठेवून बाकावर बसून राहिले. नुसते अक्कांकडं बघत.

अक्का वैतागल्या. "ओ पेंटर, बघत काय बसलाय? रंगवा की!"

"बघू द्या, अक्का. बघितल्याबिगर रंगवता येत न्हाय. तुमी थापा."

मग त्यांनी कोळशानं रेघा मारल्या. अक्कांचा डावा खांदा थापताना किंचित खाली जातो, तो त्यांनी धरला. कपाळावर घामानं चिकटलेली बट धरली. सगळ्यात जास्त वेळ लागला तो अंगाच्या रंगाला. अक्का काळ्यासावळ्या. महेश्वर पेंटर तपकिरीत लाल घालायचे, पुसायचे, थोडा पिवळा घालायचे, पुन्हा पुसायचे. "तुमचा रंग तयार डब्यात मिळत न्हाय, अक्का," ते म्हणाले. "बनवावा लागतो."

अक्का लाजल्या, पण तोंडानं म्हणाल्या, "काळीला काळी रंगवा. कशाला एवढा खटाटोप?"

चित्र झालं. ठरलेली मजुरी अक्कांनी चुकती केली. जाताना महेश्वर पेंटरांनी एकच विचारलं, "कोपऱ्यात माझं नाव घालू का? लहान अक्षरात."

"लहान कशाला? चांगलं वाचता येईल असं घाला. भाकरी मी केली तर मी केली म्हनत्यात. चित्र तुमी केलंय, मग तुमीच केलं म्हनायला नको?"

तेव्हा माझ्या उजव्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरात 'महेश्वर, अक्कलकोट' असं आलं. त्या दिवशी मी पाटी झाले.

पुढची वर्षं सुखाची गेली. 'पाटीवर बाई आहे ती खानावळ' अशी आमची खूण सांगितली जायची. संक्रांतीला इथं भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला आलेली माणसं थांबून मला बघायची. नातेपुत्याकडच्या लग्नघरांतून चटणीची मागणी यायची. मग फ्लेक्सचा जमाना आला. गल्लीतल्या माझ्या बहिणी एकेक करून खाली उतरल्या. कुणी भंगारात गेली, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर झाली. महेश्वर पेंटरांचं काम आटलं. ते आता ट्रकच्या फाळक्यांवर नावं लिहीत होते. अक्कांनाही लोक म्हणायचे, फ्लेक्स लावा, रात्री चमकतो. अक्का म्हणायच्या, "माझी पाटी मला पुरे." पण मला पुसायला, तेल लावायला कुणाला सवड नव्हती. मी गंजत राहिले. त्याचा मला राग नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा.

झालं असं, की एके दिवशी नातेपुत्याहून एक गृहस्थ तणतणत आले. त्यांच्या घरी जावळाचा कार्यक्रम झाला होता. त्यांनी चटणीचं एक पाकीट बाकावर आपटलं.

"अक्का, तुमचं तोंड बघून पाकिटं घेतली मी. सगळी खवट! पाव्हन्यांपुढं मान खाली घालावी लागली. आता तुमच्याकडं कोन कशाला येईल?"

अक्कांनी पाकीट उचललं आणि त्या बघतच राहिल्या. मीही वरून बघितलं. पाकिटावर मीच होते! तोच खाली गेलेला खांदा, तीच कपाळावरची बट. पण बाई गोरीपान केली होती. नाकात मोठी नथ अडकवली होती. वर छापलं होतं, 'आजीच्या हातची सोलापुरी चटणी.'

"आजी?" अक्का म्हणाल्या. "आन् ही गोरी कोन बया?"

"म्हंजे ही तुमची न्हाय?" गृहस्थ गडबडले.

"माझी चटणी आजवर या दारातनंच गेली. पाकिटात कधी घातली न्हाय."

पाकीट पुण्याच्या एका कंपनीचं होतं. तिचं नाव मी घेणार नाही. तिनं आमचं घेतलं नाही, मी तिचं का घेऊ?

अक्कांनी महेश्वर पेंटरांना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावून पाकीट बराच वेळ निरखलं. मला वाटलं, रंगावरून भडकतील. पण त्यांचा अंगठा पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर जाऊन थांबला. तिथं नुसता निळा डाग होता.

"रंग बदलला, नथ घातली, ते एक झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "पर नाव आपोआप पुसत न्हाय, अक्का. ते पुसायला आधी बघावं लागतं. म्हंजे कुनीतरी 'महेश्वर' असं वाचलं, आन् मग त्याच्यावर निळा बोळा फिरवला."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी पदर खोचला. "चला," त्या म्हणाल्या. "ज्ञानदाकडं."

ज्ञानदा ही एका शिक्षकाची मुलगी. कायद्याचं शिक्षण घेताना ती दुपारी अक्कांकडंच जेवायची. आता ती वकील झाली होती. ती स्वतःच आली, माझ्याखालच्या बाकावर बसली आणि दोघांना नीट समजावून सांगू लागली.

"पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही लिहून ठरवलं नसेल, तर त्या चित्राची मालकी काढून घेणाऱ्याकडं जाते. म्हणजे हे चित्र कुणाला छापू द्यायचं, कुणाला नाही, ते अक्का ठरवणार. पण हे मी काढलंय असं सांगायचा हक्क पेंटरकाकांचाच. कुणी चित्र बिघडवून त्यांची बदनामी केली, तर त्याला अडवायचा हक्कही त्यांचाच. चित्र विकलं तरी हे हक्क विकले जात नाहीत."

"म्हंजे मालकी माझी, नाव ह्यांचं," अक्का म्हणाल्या. "मग दोघं मिळून भांडू."

महेश्वर पेंटर मात्र जरा चाचरले. "मोटी मान्सं हायत ती. मी एक पाट्या रंगवनारा. कोन ऐकनार माझं?"

"तुमचं ऐकतील का न्हाय ते मला ठाव न्हाय," अक्का कडाडल्या, "पर तुमी बोलला न्हाय तर नक्कीच ऐकनार न्हायत!"

नोटीस गेली. काही दिवसांनी कंपनीचा माणूस आला. राजस त्याचं नाव. बोलायला गोड, कपडे परीटघडीचे. येताच त्यानं अक्कांना वाकून नमस्कार केला आणि भाकरीचं तोंडभर कौतुक केलं. मग बाकावर बसलेल्या ज्ञानदाकडं वळून म्हणाला, "मॅडम, यात चोरी कसली? एका फोटोग्राफरनं तुमच्या पाटीचा फोटो काढला होता. आम्ही तो इंटरनेटवरून रीतसर घेतला. परवाना आहे आमच्याकडे."

"फोटो वापरायचा परवाना फोटोग्राफर देईल," ज्ञानदा म्हणाली. "त्यातलं चित्र वापरायचा कुठून देईल? ते त्याचं नव्हतंच."

"पण पाटी तर रस्त्यावर आहे. रस्त्यावरचं सगळ्यांचं असतं."

"तुमची गाडी पन रस्त्यावरच हाय," महेश्वर पेंटर म्हणाले. "घेऊन जाऊ?"

बाकावर जेवणारे सगळे हसले. राजस हसला नाही. त्यानं आवाज खाली आणला, अक्कांकडं सरकला आणि एक कागद पुढं ठेवला. "अक्का, कायद्यानं मालक तुम्हीच. पेंटरचा इथं संबंधच नाही. तुम्ही एकट्या सही करा. तुमचा चेहरा महाराष्ट्रभर जाईल. कंपनी तुम्हाला नवी पाटी देईल, दिव्यांची. ही भंगार उतरवून टाकू."

मित्रांनो, तेव्हा माझ्या खिळ्यांनासुद्धा घाम फुटला. खरं सांगते, मला भीती वाटली. खानावळीचं छप्पर गळत होतं, अक्कांचे गुडघे दुखत होते आणि नातेपुत्याकडची मागणी पाकिटांमुळं तुटली होती. एवढ्या अडचणीत कुणी सही केली असती, तर मी दोष दिला नसता.

अक्कांनी विचारलं, "ह्यात पेंटरचं नाव कुटं हाय?"

"त्याची गरज नाही."

"आन् माझा रंग?"

"तो मार्केटिंगचा विषय आहे, अक्का. गिऱ्हाइकाला तसंच आवडतं."

अक्का भाकरी थापत होत्या. पिठानं भरलेला हात त्यांनी तसाच कागदावर ठेवला आणि कागद त्याच्या पुढ्यात सरकवला. पांढरी पाची बोटं त्यावर उठली.

"सही येती मला. करत न्हाय. माझं तोंड काळं हाय, ते मला आवडतंय. ते ज्यानं बघून बघून काढलं, त्याला वगळून मला महाराष्ट्रभर जायचं न्हाय. भाकरी खानार असाल तर बसा. न्हाय तर वाट मोकळी हाय."

राजस उठला. जाताना म्हणाला, "मग कोर्टातच बोलू."

"बोला की!" अक्का म्हणाल्या. "पाटी घिऊनच येतो आमी."

ज्ञानदानं कोर्टात दावा लावला आणि खरंच मला उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जमिनीवर आले. महेश्वर पेंटरांनी ओल्या फडक्यानं माझी धूळ पुसली. मला रिक्षात आडवी घातली. अक्कांनी सगळा रस्ता माझ्या कडेवर हात ठेवला होता.

कोर्टात कंपनीचे वकील म्हणाले, "ही कला नाही. खानावळीच्या पत्र्यावरचं रंगकाम आहे. याला कसला आलाय चित्रकार?"

महेश्वर पेंटरांची मान खाली गेली. मी त्यांना इतकं वाकलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मग न्यायाधीश बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

ते उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "मी शाळेत चित्रकला शिकलो न्हाय. पत्र्यावर काढतो, ट्रकवर काढतो. कला हाय का न्हाय, ते बाईसाहेबांनी ठरवावं. पर ह्या वकीलसाहेबांना एक विचारतो. ही कला न्हाय म्हनता, तर पाकिटावर घेतली कशाला? तुमच्याच मान्साकडनं दुसरी बाई काढून घ्यायची की. ह्या बाईत काहीतरी दिसलं म्हनूनच उचलली ना? ते जे दिसलं, ते मी घातलंय."

न्यायाधीश बाईंनी पाकीट माझ्याशेजारी धरलं. एकदा माझ्याकडं, एकदा पाकिटाकडं बघितलं. त्यांची नजर दोन्हींच्या उजव्या कोपऱ्यावर टेकली. निकाल लागेपर्यंत कंपनीनं ते चित्र कुठंही छापू नये आणि त्या चित्राचा माल विकू नये, असा हुकूम त्यांनी दिला.

लढाई तिथंच संपली नाही. तारखा पडत राहिल्या. जुनी पाकिटं आडगावांतल्या दुकानांतून बरेच दिवस लोंबत होती. पण माल विकता येईना, तसा पुढं कंपनीचा तोरा उतरला. तिनं चित्र कायमचं मागं घेतलं. ते अक्कलकोटच्या महेश्वर पेंटरांनी काढलेलं आहे, त्यांना आणि वच्छलाबाईंना न विचारता घेतलं आणि बिघडवलं, याची माफी वर्तमानपत्रात छापली. मग त्याच राजसनं फोन केला. आता रीतसर परवानगी द्या, नाव घालू, रंगही मूळचाच ठेवू, म्हणाला.

अक्कांनी फोन महेश्वर पेंटरांच्या हातात दिला. ते म्हणाले, "तुमी विचारलं, बरं वाटलं. उत्तर न्हाय असं हाय." आणि फोन ठेवून दिला. मग दोघंही लहान मुलांसारखी हसत सुटली.

चुकीचं समजू नका. आम्ही चित्राला कुलूप लावून बसलो नाही. गेल्या वर्षी इथल्याच एका बाईंनी या भागातल्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्या आधी येऊन बाकावर बसल्या, मला कव्हरवर घेऊ का असं विचारलं. ज्ञानदानं करार लिहिला. एकाच पुस्तकापुरतं, कुठलाही बदल न करता, चित्रकाराच्या नावासह. दोघांनीही आनंदानं सह्या केल्या. नातेपुत्याचे ते गृहस्थही परत आले. आल्या आल्या त्यांनी अक्कांची माफी मागितली आणि मग जेवायला बसले.

मी पुन्हा माझ्या जागी चढले आहे. गंज आहे, वाकही आहे. मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या गेलेल्या बहिणींवरही कुणाकुणाची नावं होती, ती आता कुणाला आठवत नाहीत. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. चित्र असो, गाणं असो, नक्षी असो, आवडलं तर खुशाल थांबा, डोळे भरून बघा. पण उचलण्याआधी ते कुणी केलं ते वाचा आणि त्या माणसाला जाऊन विचारा. तो हो म्हणाला तर त्याचं नाव सांगत फिरा. तो नाही म्हणाला, तर रिकाम्या हातानं परत जा. आणि उद्या तुम्ही स्वतः काही घडवाल, कुणी मोठा माणूस कागद पुढं करून तुमचं नाव पुसायला सांगेल, तेव्हा घाबरू नका. कागद परत सरकवा.