आखूड कठडा

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर हवी असेल तर वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकावे लागतात. आईचे गुडघे गेले आणि तिची भाकर बंद झाली. मागच्या बाकावर बसून ती इतरांच्या पाठी बघायची. मी पाळकांना म्हटलं, "बाकापाशी नेऊन द्या ना तिला." पाळक गरीब स्वभावाचे, दार लावतानाही दाराची परवानगी घेतील. म्हणाले, "कमिटीचं ठरू दे."

आमच्या कमिटीत विद्वान दोन. पहिले निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या मते गुडघे टेकणं प्रेषितांच्या काळापासून चालत आलंय, परंपरेला हात लावाल तर मंडळी बुडेल. दुसरे वकीलसाहेब, काखेत कायम शास्त्र, म्हणजे बायबल. "यात गुडघे कुठे आहेत ते दाखवा," असं ते म्हणाले तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी आपल्या बाजूचा निघाला. कसलं काय. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्य कलंडून जेवले होते, म्हणून सगळ्यांनी चटईवर कलंडूनच भाकर घ्यावी, असा त्यांचा ठराव. म्हातारीला बाकावरून उठवत नाही आणि हे तिला जमिनीवर लोळवायला निघाले.

सात महिने हे चाललं. चहा मात्र एकदाही चुकला नाही.

शेवटी आईच म्हणाली, "अरे, कठडा तुझ्या वडिलांनी केलाय. लाकूड कमी पडलं, खांब आखूड झाले. हे लाजेने तोंड लपवत होते. तेव्हाचे पाळक म्हणाले, असू दे, आम्ही गुडघे टेकू. त्याआधी आम्ही सगळे उभं राहूनच घ्यायचो."

मीही सुतारच. कठड्याखाली आडवा झालो, तर फळीच्या पोटाला वडिलांचं अक्षर, पेन्सिलीतलं. 'लाकूड कमी पडले. पुढच्या वर्षी उंच करून देतो.' पुढच्या वर्षी ते स्वतःच गेले होते. मला तिथेच रडू आलं.

दोन्ही विद्वानांना कठड्याखाली झोपवून मी ते वाचायला लावलं. पोस्टमास्तर धूळ झटकत म्हणाले, "चाळीस वर्षं चाललं, म्हणजे परंपराच झाली की." वकीलसाहेब म्हणाले, "लेखी आहे खरं, पण शास्त्रात नाही." सात महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, पेन्सिल अमान्य.

घरी येऊन सांगितलं तर आई हसली. मग म्हणाली, "मला तुकडाच हवा होता रे." दहाव्या दिवशी ती गेली.

दफनाच्या उपासनेत दोघेही बोलले. एकाने तिला परंपरेची लेक केलं, दुसऱ्याने शास्त्राची. ती उपाशी गेली, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. भाषणं ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शवपेटीवर माझा हात होता, तो मी उचलला नाही.

पेटी मीच केली होती. लाकूड चार बोटं जास्तच घेतलं. स्टुलांवर ठेवली तशी ती कठड्याच्या वर आली. इतक्या महिन्यांनी आई तिथवर पोहोचली होती, आणि गुडघे टेक म्हणून तिला कोणी म्हटलं नाही.