कुरळ्या पंखांची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी मक्याच्या पिठाचं घट्ट खाणं आणि मध्ये चिलटांएवढ्या फळमाश्या, एवढाच माझा संसार. पण त्यात न जन्मलेल्यांची भुतं फार.

माझ्या माश्यांमधल्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. हा जनुक अंड्यातल्या बाळाच्या मज्जासंस्थेत नव्या पेशींना कामं वाटून देतो: तू निरोप ने, तू निरोप्यांना सांभाळ. ज्या अंड्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या येत, तिथे सांभाळणाऱ्या पेशीही निरोप्याच होऊन बसत. सगळ्या बोलणाऱ्या, सांभाळणारं कोणी नाही. ती अंडी कधी फुटत नसत, माझ्या तळाशी मुकी पडून राहत. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई भिंगातून बघत आणि हळूच विचारत, "काय गं, कुठे अडलं तुमचं?"

हा वाण फक्त माझ्याच पोटात होता. कुरळे पंख ही त्याची खूण.

मोठ्या बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरी राहिल्या आणि धाकट्या बाई आल्या. आजवर उंदरांवर काम केलेल्या, जीव लावणाऱ्या. तेवढ्यात माझा बोळा सैल झाला आणि शेजारच्या बाटलीतून सुटलेल्या काही सरळ पंखांच्या माश्या आत शिरल्या. नव्या बाटलीत माश्या हलवताना धाकट्या बाई कळवळल्या.

"अगं बाई, यांचे पंख वाकडे! रोग पडला वाटतं."

सरळ पंखांच्या तेवढ्या त्यांनी वाचवल्या. बाकीच्या स्पिरिटच्या बरणीत गेल्या. जरा फडफड झाली, मग तीही नाही. मला रिकामी म्हणून मोरीशेजारी ठेवलं.

मोठ्या बाई काठी टेकत आल्या त्या थेट फळीपाशी.

"माझ्या कुरळ्या कुठे आहेत?"

"त्या... आजारी होत्या ना?"

"आजारी कसल्या? तशाच होत्या गं त्या." बाई मटकन बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "जुनी बाटली धुतलीस?"

"आता धुतेच आहे."

"हात लावू नकोस!"

त्यांनी मला उजेडाकडे धरलं. माझ्या काचेला आतून कण्यांएवढे तपकिरी कोष चिकटले होते, त्या पाहुण्या येण्याआधीचे.

एका सकाळी एक कोष उघडला. ओली माशी बाहेर आली. नुकत्याच निघालेल्या माशीचे पंख चुरगळलेलेच असतात, कुठल्याही माशीचे. दोघी श्वास रोखून बसल्या. पंख पसरले, वाळले आणि टोकांशी हलकेच वर वळले.

"आहे गं, आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. धाकट्या बाई तर रडल्याच.

मागोमाग बाकीचे कोषही उघडले. आता नव्या बाटलीत कुरळ्या नांदतात आणि तिच्या तळाशी मुकी अंडीही आहेत. समोरच्या फळीवर ती स्पिरिटची बरणी असते. धाकट्या बाई तिच्याकडे बघत नाहीत. मला मान वळवता येत नाही, म्हणून मी बघते.

मित्रांनो, बाटली धुवायला नेण्याआधी एकदा उजेडाकडे धरा. रिकामी आहे असं तुम्ही म्हणता, पण आत कोणीतरी वाट बघत असतं.