भोपळा घातलेलं वरण

मैनाने कुकरमधली वाफ जाऊ दिली, झाकण काढले आणि तूरडाळीत शिजलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी रवीने घोटून एकजीव केल्या. हळद-हिंगाची फोडणी दिली, नवऱ्याचा डबा भरला. तो खोपोलीच्या कारखान्यात निघून गेला. डाळ निम्मीच होती. भोपळ्यामुळे वरणाला दाटपणा येई आणि ताटात काही कळत नसे. कशेळ्याच्या बाजारात डाळीचा भाव चढत गेला, तेव्हापासून ती असेच करत होती. सासूबाईंना, आनंदीबाईंना, तिने ते सांगितले नव्हते. त्या उलट शिळफाट्याला दिलेल्या लेकीला, सोनालीला, फोनवर कौतुकाने सांगत, "मैनाच्या वरणाला हल्ली काय गोडी आलीय गं."

खरे काय ते फक्त शेजारच्या समिधाला ठाऊक होते. त्या सकाळी मैना वरण घोटत असतानाच ती विरजण मागायला आली आणि मोबाईल हातात धरून ओट्याशी रेंगाळली. मैनाला त्यात काही वावगे वाटले नाही.

दुपारी सोनालीचा फोन आला; आधी ती आईशी बोलली, मग मैनाशी. तालुक्यातल्या बायकांच्या फेसबुक ग्रुपवर समिधाने व्हिडिओ टाकला होता. मैनाचे हात, रवी, भोपळा. वर ओळ, 'महागाईने आमची डाळ पळवली.' खाली चर्चा रंगली होती. कोणी तेलाचे रडगाणे गायले होते, कोणी लिहिले होते, 'रिचार्जला बरे पैसे असतात.' एकीने ओटा ओळखून विचारले होते, 'ही आनंदीबाईंची सून ना? म्हातारीला काय घालते मग?'

मैना तडक समिधाच्या अंगणात गेली.

"तोंड कुठं दाखवलंय मी तुझं?" समिधा म्हणाली. "आणि खोटं काय हाय त्यात? कितीजणींनी लिहिलंय, आमच्याकडं बी असंच. कुणीतरी बोलाय नको?"

"मग तुझ्या घरातलं बोलायचं. मी तुला एकटीला सांगितलं होतं गं."

समिधा मोबाईलकडे बघत राहिली.

संध्याकाळी आनंदीबाईंनी अर्धा भात ताटाच्या कडेला सारला. "पोट भरलं." सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या सुनेसाठी त्या मागे ठेवत होत्या, हे मैनाला कळले.

"आई, जेवा ना."

"अख्ख्या तालुक्याला म्हाईत, मलाच नाय. मी आपली येड्यासारखी वाखाणत बसले." मग त्या सावकाश म्हणाल्या, "मागनं तू काय खातेस, ते तरी दाखव. का ते बी मोबाईलवरच बघू?"



दुसऱ्या दिवशी दुपारी परसातून समिधाची हाक आली. "मैना, काढून टाकला गं व्हिडिओ. येऊ का?"

मैनाने ओ दिली नाही. तिने सासूबाईंचे ताट वाढले. मग आपलेही ताट घेतले, पातेल्यात होते तेवढे वरण दोन्ही ताटांत सारखे वाढले आणि त्यांच्या शेजारी बसून पहिला घास घेतला.