उजवा कौल

बेलवलीच्या गावदेवीला पंखा मिळाला तो तिच्याच शब्दामुळे. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प दोनमधल्या टहलराम सेठने कापडाचं दुकान टाकू का म्हणून कौल लावला, देवीने 'होय' दिला आणि दुकान धो धो चाललं. गावात नुकती वीज आली होती. सेठ टेबलपंखा घेऊन हजर! "माई को गरमी होती होगी," म्हणाला. इतक्या पिढ्या बिचारी घामाघूम बसली होती, पण गावात कुणाच्या टाळक्यात हे आलं नव्हतं.

हरिचंद्र गुरवाने पंखा देवीच्या उजव्या अंगाला ठेवला, कारण वायर तिथवरच पोचत होती. आता कौलाची रीत अशी, की देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. वाऱ्याने उजवी पाकळी भराभर सुकायची आणि टपकन पडायची. पंखा आल्यापासून देवी 'नाही' म्हणायचंच विसरली.

हरिचंद्राच्या ते लवकरच ध्यानात आलं. पण बोलतो कशाला? लोक हसत घरी जात होते. रखडलेली लग्नं जमली, बांधाची भांडणं मिटली. महिपती पाटलाने तर साठी उलटल्यावर चंद्रीसारखी कोवळी पोर बायको करून आणली, तीही देवीला विचारून! यात वाईट काय, असं हरिचंद्र स्वतःला समजावी. शिवाय नारळही वाढले होते, खोटं कशाला बोला.

अशात त्याच्या बायकोच्या, वेणूच्या, पोटात गोळा निघाला. कल्याणच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, आत्ता ऑपरेशन करून काढला तर बाई जगेल, थांबलात तर हातची जाईल. वेणू म्हणाली, "देवी सांगेल तसं." हरिचंद्राचा जीव भांड्यात पडला. देवी काय सांगणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मंगळवारी गाव जमलं. हरिचंद्राने बटण दाबलं, पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, "हं, विचार."

वेणूने पदर पसरला. "आई, कापाकापी न करता मी घरीच राहू?"

हरिचंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. तो पंख्याकडे धावला, पण उजवी पाकळी तोवर खाली आली होती. "होय म्हणाली गं बाय!" बायकांनी हात जोडले.

"खोटं!" हरिचंद्र ओरडला. "पंख्यानं पाडली ती! आजवरचे सगळे कौल पंख्याचे!"

महिपती पाटील पुढे आला. "गुरवा, बायकोच्या काळजीनं डोकं फिरलंय तुझं. माझं लगीन काय पंख्यानं लावलं?"

मागे उभ्या चंद्रीने झटकन मान वर केली. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

हरिचंद्राने वायर उपटली, पुन्हा कौल लावू म्हणून हातापाया पडला. "एका प्रश्नाला दोन कौल नाहीत, ही तुझ्याच बापाची रीत," पाटील म्हणाला. माणसं वेणूच्या पाया पडून आपापल्या घरी गेली.

देवळात दोघंच उरली. वेणू खांबाला टेकून बसली होती.

"देवीची आण घेतो वेणू, खरंच पंखा होता गं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "रोज देऊळ मीच झाडते ना? मला काय डोळे नाहीत?"

"मग असं उलटं का विचारलंस?"

"पंखा बंद करून विचारलं असतं आणि देवी खरीच 'जा' म्हणाली असती तर? मला चिरून घ्यायची भीती वाटते हो. मरणाची तेवढी नाही वाटत."

हरिचंद्र तिच्याशेजारी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सगळ्या गावाला हवं ते दिलंत तुम्ही," ती म्हणाली. "मलाच तेवढं नाही म्हणू नका."