वासितीचं ‘हो’

“मेरेओनी, तुझ्यामागे कुणीच नाही म्हणतोय हा,” मॅनेजर डंकनने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. माझ्या नावाखाली लाल रंग होता.

कुणी नाही कसं? फिजीतल्या या रिसॉर्टच्या धुलाईघराची मी मुख्य, नाताळला निवृत्त होणार, आणि इथे एवढ्या बायका आहेत. सगळ्या मला बू म्हणतात, म्हणजे आजी. वासिती तर माझ्याच हाताखाली तयार झाली. पण कंपनीच्या नव्या अॅपवर प्रत्येकीने स्वतःच उत्तर द्यायचं होतं: ‘ही जागा सांभाळायला तुम्ही तयार आहात का?’ एकूण एक बाईने ‘नाही’ दाबलं होतं.

“शुक्रवारपर्यंत असंच राहिलं तर नादी शहरातून तुझ्या जागी बाहेरचा माणूस येईल. माझ्या हातात नाही गं,” डंकन म्हणाला. बिचारा वाईट नव्हता.

मी तडक वासितीला गाठलं. ती चादरींच्या घड्या घालत होती.

“काय गं, ‘हो’ दाबायला बोट झिजलं असतं?”

“बू, तू समोर बसलेली असताना तुझी खुर्ची मागू? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?”

“अगं, मीच सांगतेय ना!”

“तू सांगशील गं. मला नाही जमायचं.” तिचे डोळे भरून आले.

मला राग आला खरा. पण माझ्या आधीची मुख्य वाइनीसे वारली, तेव्हा तिची शंभरावी रात्र, म्हणजे आमच्यातलं सुतक फिटायची रात्र, उरकेपर्यंत मी तरी कुठे तिच्या खुर्चीला हात लावला होता!

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

“मी चालले घरी. आता विचार वासितीला,” मी डंकनला म्हटलं.

“आज? अगं, नाताळपर्यंत आहेस ना तू! निरोपाचा केक तरी...”

“केक घरी पाठव. नारळाचा.”

बसथांब्यावर येऊन बसले. हातांना काही कामच नव्हतं. कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या टोकाची उगाच घडी करत, उलगडत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. डंकनने अॅपचं चित्र पाठवलं होतं. माझ्या नावाखाली वासितीचं नाव, हिरव्या रंगात.

रस्त्यापलीकडे धुलाईघरातली यंत्रं थांबली. मागच्या खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या, तळहात पोकळ करून वाजवलेल्या, संथ. मोठ्यांच्या हातून काही घेतलं की आमच्यात अशाच वाजवतात. मला रडूच फुटलं.

बस आली. मी हात केला नाही. म्हटलं, पुढच्या बसने जाऊ.